कॉफीला बोअरचं पाणी चालत नाही

सोलापुरात कॉफीचं झाड लावलंय असं सांगितलं की ऐकणारा आधी वर सूर्याकडे बघतो आणि मग आपल्याकडे. त्याचंही चुकत नाही. मेमध्ये पारा ४३ च्या आसपास जाणारं गाव, समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे-पावणेपाचशे मीटर उंच, पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर आणि तोही त्याच्या मनात आलं तर. अरेबिका कॉफीला हजार मीटरच्या वरचा डोंगर लागतो, १५ ते २५ अंशांची हवा लागते आणि आपल्या तिप्पट-चौपट पाऊस लागतो. महाराष्ट्रात कॉफीचे मळे बघायचे तर थेट चिखलदरा गाठावा लागतो. तरी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आज बियांपासून वाढवलेली काही रोपं उभी आहेत. त्यांना वाढवताना उन्हानं जेवढं छळलं त्याच्या दुप्पट पाण्यानं छळलं. हौस असलेल्या सोलापूर, लातूर, विजापूरकडच्या लोकांसाठी हे लिहितोय. कोकणातल्यांनी पाण्याचा भाग सोडून दिला तरी चालेल.

पहिली अडचण बियांची. भाजलेली कॉफी उगवत नाही हे पोरंही सांगतील, पण हिरव्या कच्च्या बियाही बहुतेक उगवत नाहीत. कॉफीचं बी ज्वारीसारखं पोत्यात भरून पुढच्या हंगामाला काढायचं नसतं. फार वाळलं की आतला कोंब मरतो, आणि झाडावरून उतरवल्यावर दोन-तीन महिन्यांत उगवण झपाट्यानं घसरते. बाजारातली हिरवी कॉफी म्हणजे कडक वाळवलेली, वरचं आवरण यंत्रात काढलेली आणि गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेली. ती प्यायला उत्तम, पेरायला निरुपयोगी. ऑनलाइन पाकिटं मिळतात, लालचुटुक फळांचे फोटो लावून. मी मागवलेल्या पाकिटावर किंमत होती, फुलझाडासारखं गोड नाव होतं, फक्त बी कधी काढलं ती तारीख नव्हती. त्यातलं काही उगवलं नाही. ज्या पाकिटावर काढणीची तारीख नाही ते घेऊ नये, एवढंच.

मार्ग निघाला शेजारच्या अक्कांमुळे. अक्का कानडी, माहेर इंडीकडचं. त्यांची लेक चिकमगळूर जिल्ह्यात, मुडिगेरेच्या बाजूला दिली आहे आणि जावयाच्या घरी थोडा मळा आहे. लेक दर वर्षी गड्ड्याच्या यात्रेला माहेरी येते. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे संक्रांतीला वेळ बरोबर जुळते.

"अक्का, येताना मूठभर पिकलेली फळं आणायला सांगा की. पावडर नको, फळं."

"फळं? ती काय खात्यात व्हय?"

"पेरायचीत."

"हितं? बरं बाई, सांगते." मी बाई नाही हे त्यांना माहीत आहे; आश्चर्य वाटलं की त्या कुणालाही बाई म्हणतात.

लेकीनं स्टीलच्या डब्यात, केळीच्या पानात गुंडाळून ओंजळभर फळं आणली. बरीचशी अरेबिकाची, थोडी रोबस्टाची, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या जातीची. ज्याच्या ओळखीत मळेवाला नाही त्यानं कॉफी बोर्डाकडून बी मिळवायची चौकशी करावी. हंगामाआधी करावी, कारण बी ताजं तेव्हाच असतं. बोर्डाची मुख्य संशोधन संस्था चिकमगळूर जिल्ह्यातच, बाळेहोन्नूरला आहे, १९२५ पासून. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरावर बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून लपवून आणलेल्या सात बिया लावल्या आणि तिथून भारतात कॉफी आली असं सांगतात. कथा खरी असो-नसो, सात बिया हा आकडा मला पटतो. तेवढ्यात काम होतं, फक्त बी ताजं हवं.

पिकलेलं फळ करवंदाएवढं. बोटांत धरून दाबलं की साल फाटते आणि दोन बिया बुळकन बाहेर येतात, सपाट बाजू एकमेकींना लागलेल्या. गर नावापुरता, पण चोखून बघितला तर चांगलाच गोड. काही फळांत दोनाऐवजी एकच गोलसर दाणा निघाला. त्याला पीबेरी म्हणतात आणि तोही उगवतो. बियांवरचा बुळबुळीत थर नुसत्या पाण्यानं जात नाही. रात्रभर भिजत ठेवल्या, सकाळी पाण्याला आंबूस वास सुटला, मग तळहातावर चोळल्या तेव्हा तो निघाला. मळ्यात यासाठी चाळलेली लाकडाची राख चोळतात आणि बी सावलीत पसरतात. पाण्यावर तरंगलेल्या बिया पोकळ असतात, त्या टाकून दिल्या. उरलेल्या घरातच कागदावर एक-दोन दिवस सुकू दिल्या. उन्हात ठेवल्या नाहीत.

मळ्यात बी वाफ्यावर पेरून वर भाताचा पेंढा अंथरतात आणि साधारण दीड महिन्यात ते उगवतं. आमच्या गावात पेंढा नसला तरी टर्की टॉवेल घरोघरी. जुना टॉवेल भिजवून घट्ट पिळला, त्यावर बिया मांडल्या, घडी घातली आणि प्लास्टिकच्या डब्यात ठेवून झाकण किलकिलं ठेवलं. टॉवेल पिळल्यावर त्यातून थेंब पडता कामा नये. ओल जास्त झाली की बी काळं पडून मऊ होतं आणि शेजारच्यालाही घेऊन जातं. बीवर चर्मपत्रासारखं एक पिवळट आवरण असतं. निम्म्या बियांचं मी नखानं जपून सोडवलं, निम्म्यांचं तसंच ठेवलं. सोडवलेल्या आधी फुटल्या, पण नख लागून काही बिया दुखावल्याही. घाई नसेल तर आवरण राहू द्यावं.

जानेवारीत सोलापूरची रात्र १५-१६ अंशांवर येते आणि कॉफीच्या बीला फुटायला २८-३० अंश बरे वाटतात. म्हणून डबा टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवला. ते यंत्र दिवसरात्र कोमट असतं. आईला मालिका बघताना समोर डबा दिसायचा. "टीव्हीवर कसलं रुखवत मांडलंयस?" हे मी महिनाभर ऐकलं. टॉवेल दर दोन-तीन दिवसांनी उघडायचा, हवा खेळू द्यायची, बुरशीवाली बी काढून टाकायची, परत मिटायचा. काहीही घडत नाही असे कितीतरी दिवस जातात. मग एखाद्या बीच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसतो आणि दोन-चार दिवसांत त्याचं मूळ होतं. होळीच्या आधी बऱ्याचशा बिया अशा फुटल्या होत्या.

फुटलेलं बी मूळ खाली करून, पेराभर खोलही नाही, इतकं वरवर लावायचं. कुंडी उथळ नको. कॉफीचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि तळाला वाकलं तर झाड दोन-चार वर्षांनी कारण न सांगता सुकतं. नर्सरीतल्या उंच काळ्या पिशव्या यासाठी सगळ्यात चांगल्या. मूळ आधीच वाकडं झालेलं रोप मळेवाले सरळ फेकून देतात. आपल्याला जीवावर येतं, पण फेकावं.

पिशवीत काय भरायचं, यावर खरा घोळ आहे. मळ्यातलं प्रमाण सांगतात सहा भाग जंगलातली माती, दोन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक वाळू. हे सहा भाग तिकडच्या लालसर, आम्ल मातीचे आहेत. आपल्या रानातली काळी माती घेऊन तेच प्रमाण केलं तर कॉफी गेलीच. आपल्या मातीत चुनखडी असते. वाटीत थोडी माती घेऊन वर लिंबू पिळा. बारीक फेस येऊन चुरचुर आवाज आला की चुनखडी आहे. आमच्या अंगणातल्या मातीनं चांगलाच फेस काढला. कॉफीला मातीचा सामू, म्हणजे पीएच, सहा ते साडेसहाच्या दरम्यान लागतो, आपला आठाच्या घरात. म्हणून मी काळी माती हातातच घेतली नाही. विजापूर रोडवरच्या नर्सरीतून लाल माती, भरपूर धुतलेलं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत आणि थोडी वाळू एवढंच भरलं. कोकोपीट धुणं महत्त्वाचं, त्यातही मीठ असतं. अंड्याची टरफलं घाला, चुन्याची निवळी घाला असे सल्ले सगळीकडे मिळतात. ते टोमॅटोला ठीक असतील. कॉफीला आणखी चुना देऊ नये.

नर्सरीवाल्याला कशासाठी ते सांगितलं तेव्हा तो हसला नाही, कींव केली. "मालक, कॉफी हितं? डाळिंब लावा की. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र काय उगंच काढलंय का?"

तिखट बोलला, पण शेडनेटचा उरलेला तुकडा फुकट दिला.

मार्चच्या मध्याला माती वर उचलली गेली आणि वाकलेली हिरवी देठं सरळ व्हायला लागली. कॉफीचं बी जमिनीत राहत नाही. देठ अख्खं बी डोक्यावर घेऊन वर येतो, आवरणासकट, आणि कितीतरी दिवस तसाच उभा राहतो. मळेवाले या अवस्थेला टोपी म्हणतात आणि ते नाव बघितल्याबरोबर पटतं. आतून दोन गोल पानं बाहेर यायला धडपडत असतात. कोरड्या हवेत ती टोपी वाळून घट्ट बसते. मळ्यात धुकं आणि दव हे काम करतं, आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ कापसानं ओलं करावं लागतं. ओढून काढायची नाही. एका रोपाची टोपी आमच्या भाच्यानं ओढली. "काय बे, अडकलंय ते," म्हणत ओढली आणि पानांचे शेंडे टोपीतच राहिले. ते रोप जगलं, पण बाकीच्यांच्या मागे पडलं ते पडलंच. टोपी सुटली की दोन गोल पानं उघडतात, कडा बारीक चुणीदार, अजिबात कॉफीच्या पानांसारखी नाहीत. खरी पानं नंतर येतात, जोडीनं, समोरासमोर, लांबट आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. एक्झोरा ओळखत असाल तर पानांच्या मांडणीत नातं दिसेल. दोघी एकाच कुळातल्या.

आता हिशेब बघा. डोंगरात जे रोप मार्चमध्ये टोपी काढून एप्रिलच्या वळवाच्या पावसात उभं राहतं, ते आपल्याकडे टोपी काढतं आणि समोर वैशाख वणवा. त्यातून पहिली खरी पानं कागदासारखी पातळ असतात. गच्चीवर ठेवायचा प्रश्नच नव्हता, शेडनेटखालीसुद्धा नाही. दुपारी गच्चीवरची हवाच इतकी कोरडी आणि तापलेली असते की सावलीतलं पानही करपतं. रोपं घरात आणली. उत्तरेची खिडकी, आणि खिडकीत कूलर. कूलरच्या थेट झोतात ठेवली की पानं फाटतात; झोताच्या बाजूला, जिथं ओली हवा वळून येते, तिथं ठेवली. कूलरची हवा थंड असते, शिवाय दमट असते, आणि टाकीत बोअरचं पाणी असलं तरी फक्त वाफ पुढे येते, क्षार मागे गवताच्या जाळीवर पांढरे होऊन बसतात. वीज गेली की कूलर बंद, मग टॉवेल ओला करून खिडकीला टांगायचा. पूर्ण मे महिना घरात सगळ्यात गार कोपरा रोपांचा होता. आईनं तिथं खुर्ची टाकली ती पावसाळ्यापर्यंत काढली नाही.

ऊन असं अडवलं. तरी मेच्या शेवटी नवी पानं पिवळी यायला लागली. सगळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. जुन्या पानांचे शेंडे तपकिरी आणि कुरकुरीत. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे पान दाखवलं तर ते एका शब्दात सांगतील, केवडा पडलाय. लोह मातीत असतं, पण चुना जास्त झाला की मुळांना ते उचलता येत नाही. पण आमच्या पिशवीत काळी माती नव्हती, चुनखडी नव्हती. मग चुना आला कुठून?

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. उजनीचं ते पाणी पिण्यासाठी भरून ठेवायचं असतं, झाडांना कोण देतं? झाडांना बोअर. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल वर्षात जाते, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी दिवसाआड एवढ्याशा पिशवीत ओतलं, त्यातलं पाणी उडून गेलं आणि क्षार राहिला, की महिना-दोन महिन्यांत कितीही चांगली लाल माती असली तरी ती अंगणातल्या मातीसारखीच होते. पिशवीच्या वरच्या मातीवर पांढरी साय दिसत होती. क्षार मोजायचं स्वस्तातलं पेन मिळतं, ते आणून बुडवलं. बोअरचा आकडा हजाराच्या वर. आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी मोजलं तर त्याहून जास्त, आणि ते तर बरेच लोक पाणी वाचवायचं म्हणून झाडांना घालतात. फरशी पुसायला घ्या, कॉफीला नको.

उपाय भिंतीपलीकडेच ठिबकत होता. शेजारच्या बंगल्यातल्या एसीची नळी आमच्या बोळात येते. ते पाणी म्हणजे हवेतली वाफ, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पेनानं पन्नासच्या आत दाखवलं. रात्रभर बादली लावली की सकाळी अर्धी भरलेली असते, रोपांना पुरून उरते. आधी प्रत्येक पिशवीतून ते भरपूर पाणी आरपार सोडलं, खालून स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे साठलेला क्षार धुऊन गेला. मग चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं, तेच जे डाळिंबवाले आणि द्राक्षवाले कृषी सेवा केंद्रातून नेतात, अगदी चिमूटभर पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर फवारलं. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होत नाहीत, ती आशा ठेवू नये. पुढची जोडी कशी येते ते बघायचं. पुढची जोडी हिरवी आली.

एसीच्या पाण्यात क्षार नाहीत तसं पोषणही नाही, त्यामुळे खत आपण द्यायचं. महिन्याला मूठभर गांडूळखत आणि पावसाळ्यात दोनदा पातळ शेणपाणी, याहून जास्त मी देत नाही. पावसाळ्यात गच्चीचा पन्हाळ ड्रमात सोडतो. मृगाचे पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्यायचे, गच्चीची धूळ निघून जाते, नंतरचं पाणी भरायचं. पावसाच्या पाण्यावर रोपांनी जी मुसंडी मारली ती बघून नळाचं, बोअरचं, एसीचं सगळं पाणी फिकं वाटलं.

किडीचं थोडक्यात. पिठ्या ढेकूण जास्वंदीवरून येतो आणि पानाच्या बगलेत कापूस पिंजून बसतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसायचा, कंटाळा येतो पण जातो. पानाच्या मागे मधल्या शिरेला जिथं बाजूच्या शिरा मिळतात तिथं बारीक खळगे दिसतात. पहिल्यांदा मला ती कीड वाटली होती, भिंग घेऊन बसलो. ते खळगे कॉफीच्या पानाला जन्मजातच असतात, त्यांना काही करायचं नाही.

रोप वर्षाचं होत आलं की आडव्या फांद्या सुटतात. तोवर ते नुसतं सरळ काठीसारखं वर जात असतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी चुकतंय. कॉफीत उभी फांद आणि आडवी फांद यांची जातच वेगळी. आडव्या फांदीचं कलम लावलं तर ते आयुष्यभर आडवंच पसरतं, म्हणून कलमं करायची असतील तर उभ्या फुटव्याची. फळं आडव्या फांद्यांवर धरतात.

रोबस्टाची पानं मोठी, रुंद, पन्हाळीसारखी दुमडलेली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं अरेबिकापेक्षा कमी कुरकुर केली, अपेक्षेप्रमाणे. ती मुळात सखल भागातली, उकाडा सोसणारी. मग सगळ्यांनी रोबस्टाच लावावी का? जागा असेल तर लावावी. पण रोबस्टा स्वतःच्या परागानं धरत नाही, दुसरं झाड जवळ लागतं. अरेबिका एकटी असली तरी फळते. बाल्कनीत एकच कुंडी मावत असेल तर अरेबिका लावा आणि उन्हाळाभर तिचे नखरे सोसा.

आणि कॉफी कधी प्यायला मिळणार? हा प्रश्न अक्का दर गड्ड्याला विचारतात. पहिली फुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी. अरेबिकाच्या फुलानंतर फळ पिकायला आठ-नऊ महिने. किलोभर पिकलेली फळं सोलून, आंबवून, धुऊन, वाळवून हातात हिरवी कॉफी येते दीड-दोनशे ग्रॅम, भाजल्यावर त्याहून कमी. कुंडीतलं झाड किलोभर फळं देईल का, तीच शंका. घरची कॉफी प्यायची म्हणून कुणी हे करणार असेल तर त्यानं सरळ चिकमगळूरला जाऊन पिशवीभर घेऊन यावी, स्वस्त पडेल.

मला फुलं बघायची आहेत. कॉफी फुलायला आधी ताण लागतो. काही आठवडे कोरडं जातं, कळ्या बोटभर फांदीवर दबून बसतात, मग मार्च-एप्रिलचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास, आणि दोन-तीन दिवसांत संपतं. आपल्याकडे ताण फुकट मिळतो. डाळिंबवाले बहार धरायला हेच करतात, पाणी तोडतात आणि मग सोडतात. यंदा जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात थोरल्या अरेबिकाचं पाणी कमी करायचं आणि मार्चमध्ये ड्रममधलं राखून ठेवलेलं पावसाचं पाणी एकदम भरपूर द्यायचं असं ठरवलं आहे. कळ्या आल्याच नाहीत तर झाड अजून लहान आहे असं समजून पुढच्या वर्षी.

नर्सरीवाल्याला रोबस्टाची दोन रोपं दिली होती. त्यानं ती शेडनेटखाली डाळिंबाच्या कलमांशेजारी ठेवली आणि बोअरचं पाणी घातलं. तासभर लावून मी त्याला क्षाराचं सगळं सांगितलं, त्यानं "हां हां" केलं. मागच्या महिन्यात फोन आला.

"मालक, कॉफीला केवडा पडला की हो."

आता त्याचा पोऱ्या दर तीन दिवसांनी विसाचा कॅन घेऊन आमच्या बोळात येतो आणि शेजाऱ्यांच्या एसीचं पाणी भरून नेतो. शेजाऱ्यांना त्याबद्दल एक रोप कबूल केलंय. अक्कांच्या लेकीला येत्या गड्ड्याला दुप्पट फळं सांगून ठेवली आहेत.